काचेत वनश्री फुलविणारा एमिल गाले

फ्रान्स देशाच्या ईशान्य सीमेजवळ लोरेन नावाचा एक रम्य प्रांत आहे. व्होज पर्वताच्या उतारांवरील घनदाट अरण्ये, त्यांतून वाहणारे ओढे आणि पायथ्याची हिरवी कुरणे यांनी तो नटलेला आहे. या प्रांतात काच तयार करण्याचा धंदा शेकडो वर्षांपासून चालत आला होता, आणि त्याचे कारणही तेथील निसर्गातच होते. काचेला बारीक वाळू हवी, लाकडाच्या राखेतून निघणारा क्षार हवा, आणि भट्टी अहोरात्र धगधगत ठेवण्यासाठी अमाप सरपण हवे. जेथे अरण्य तेथे हे सारे मिळे. बाकारा येथील जगप्रसिद्ध काचकारखाना १७६४ साली याच प्रांतात निघाला. अशा या लोरेनमधील नान्सी नगरात ४ मे १८४६ रोजी एमिल गाले याचा जन्म झाला.

एमिलचे वडील शार्ल गाले हे काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांचे व्यापारी होते. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या राजवाड्यातही त्यांच्याकडून भांडी जात. आई फॅनी हिच्या माहेरी आरशांचा व्यापार होता. तेव्हा एमिलचे बालपण काचेच्या लखलखाटातच गेले म्हणावयास हरकत नाही. परंतु या मुलाचे मन दुकानापेक्षा रानात अधिक रमे. सुटी मिळाली की तो नान्सीभोवतालच्या टेकड्या पालथ्या घाली, पाने, फुले, शेवाळ, बिया गोळा करी, त्यांची नावे लिहून ठेवी आणि घरी येऊन त्यांची चित्रे काढी. सुदैवाने त्याला गुरूही तसाच लाभला. लोरेन प्रांतातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे गोद्राँ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वेळी नान्सी येथे होते. त्यांच्यापाशी एमिलने फूल नुसते पाहावयाचे नसते, तर त्याचा देठ, त्याची पाकळी, त्याचा केसर आणि त्याचे कोमेजणेही निरखावयाचे असते, हे शिकून घेतले. गाले पुढे काचेचा कलावंत म्हणून प्रसिद्धीस आला, तरी वनस्पतिशास्त्राचा त्याचा अभ्यास कधी खंडित झाला नाही. फुलझाडांच्या संवर्धनासाठी १८७७ साली नान्सीत मंडळ निघाले, त्यातही त्याने हौसेने काम केले.

शालेय शिक्षण संपल्यावर एमिल जर्मनीतील वायमार या नगरात गेला. तेथे त्याने जर्मन भाषा, चित्रकला व खनिजशास्त्र यांचा अभ्यास केला. त्यानंतर तो मायझेन्थाल या गावच्या काचकारखान्यात दाखल झाला. वडिलांच्या दुकानाचा बराचसा माल याच कारखान्यातून येत असे. मालकाचा मुलगा असूनही तो भट्टीपुढे उभा राहिला आणि कारागिरांच्या शेजारी काम शिकला.

काचेची भांडी कशी घडतात हे ज्याने पाहिले नाही, त्याला गालेची थोरवी कळणे कठीण आहे. वाळू, क्षार व चुना यांचे मिश्रण मुशीत घालून भट्टीत ठेवतात. प्रखर उष्णतेने ते वितळते आणि त्याचा काकवीसारखा दाट, लालभडक रस होतो. कारागीर लोखंडाची लांब, पोकळ फुंकनळी त्या रसात बुडवितो व तिच्या टोकाला रसाचा गोळा उचलतो. मग तो नळीत हलकेच फुंकर घालतो, आणि गोळा फुग्यासारखा फुगू लागतो. नळी सतत फिरवीत राहावी लागते. ती थांबली की मऊ काच एका बाजूस ओघळलीच. फुंकावे, फिरवावे, चिमट्याने ओढावे, पुन्हा भट्टीत धरून तापवावे, असे करता करता त्या गोळ्याला सुरईचा, पेल्याचा किंवा फुलदाणीचा आकार येतो. हे सारे थोड्याच वेळात उरकावे लागते, कारण काच निवली की ती मुळीच वाकत नाही. तयार झालेले भांडे एकदम उघड्या हवेत ठेवूनही चालत नाही. थंडीच्या दिवसांत काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला कसा तडकतो, हे तुम्ही पाहिले असेल. काचेचा एक भाग लवकर व दुसरा उशिरा तापला किंवा निवला, म्हणजे ती फुटते. म्हणून नवे भांडे दुसऱ्या एका मंद भट्टीत ठेवून अगदी हळूहळू निववितात.

रंगाची किमया धातूंची. कोबाल्टचे भस्म रसात मिसळले तर काच निळी होते, मँगनीजने जांभळी, तांब्याने हिरवी किंवा निळी, आणि सोन्याच्या अल्प अंशाने माणकासारखी तांबडी. मात्रा किंचित चुकली की रंग बिघडतो. त्यामुळे कलावंताला रसायनशास्त्राशीही सख्य करावे लागते. गालेने ते केले.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटले. चोवीस वर्षांचा गाले आपण होऊन सैन्यात भरती झाला. या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि १८७१ च्या तहाने अल्सास प्रांत व लोरेनचा एक भाग जर्मनीच्या ताब्यात गेला. नान्सी फ्रान्सकडेच राहिले, पण नवी सीमा त्या नगरापासून अवघ्या काही कोसांवर आली. ज्या मायझेन्थालमध्ये गालेने काच फुंकली, ते गाव आता परक्या राज्यात गेले. असंख्य कुटुंबे घरदार सोडून नान्सीत आश्रयाला आली. हे शल्य गालेच्या अंतःकरणात कायमचे रुतून बसले. नान्सी नगराच्या बोधचिन्हात एक काटेरी झुडूप आहे, आपल्याकडच्या उंटकटाऱ्यासारखे. हे झुडूप तो पुढे आपल्या भांड्यांवर पुनःपुन्हा काढीत असे. ते चित्र पाहून नान्सीच्या माणसाला निराळे काही सांगावे लागत नसे.

त्याच वर्षी तो वडिलांबरोबर एका प्रदर्शनाच्या निमित्ताने लंडनला गेला. तेथील संग्रहालयांत त्याने देशोदेशींची प्राचीन काच डोळे भरून पाहिली. निळ्या काचेवर पांढरे पुट चढवून ते कोरणारे रोमन कारागीर, मशिदींतील दिव्यांवर मिन्याने रंगकाम करणारे अरब कारागीर, अनेक रंगांच्या थरांतून नक्षी काढणारे चिनी कारागीर हे सारे जणू त्याचे नवे गुरू झाले. १८७७ साली वडिलांनी व्यवसायाची सर्व सूत्रे त्याच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने एक नवी काच मांडली. कोबाल्टचा अगदी लेशमात्र अंश घातल्यामुळे तिला अशी फिकट निळसर छटा आली होती की, लोक तिला चांदण्याची काच म्हणू लागले. तिची नक्कल अन्य देशांतील कारखानदारांनीही केली.

परंतु गालेची खरी प्रतिभा दिसून आली ती निराळ्याच ठिकाणी. त्या काळी उत्तम काच म्हणजे स्फटिकासारखी निर्मळ काच, असा सर्वांचा समज होता. काचेत एखादा बुडबुडा राहिला, एखादी रेघ उमटली किंवा ढगासारखा मळकट पट्टा दिसला, की ते भांडे फोडून पुन्हा मुशीत टाकीत. गाले मात्र या दोषांकडे थांबून पाही. बुडबुड्यांची रांग पाहून त्याला पाण्यातून वर येणारे हवेचे मणी आठवत. ढगाळ पट्टा पाहून त्याला पहाटेचे धुके दिसे. बारीक भेगांचे जाळे म्हणजे त्याच्या दृष्टीने तळ्यावर गोठलेले बर्फ होते. मग जे अपघाताने होते ते हेतुपूर्वक का करू नये? त्याने तापलेल्या काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचांदीचे बारीक वर्ख घालून पाहिले. गरम काच क्षणभर पाण्यात बुडवून तिला भेगा पाडल्या व लगेच दुसऱ्या थराने त्या आत कोंडून टाकल्या. भट्टीतील राख व धूळ काचेच्या पृष्ठभागावर बसू देऊन त्याने तिला झाडाच्या सालीसारखा किंवा ओल्या मातीसारखा पोत दिला. वर्षानुवर्षे तो प्रयोगांच्या नोंदी ठेवीत होता. सर्वच प्रयत्न यशस्वी झाले असे मात्र नव्हे. पुष्कळशी भांडी निवताना तडकली, आणि कित्येक महिन्यांचे श्रम वाया गेले.

थरांच्या कोरीव कामात तर त्याने कमाल केली. कांद्याला जसे एकावर एक पापुद्रे असतात, तसे एकाच भांड्यावर निरनिराळ्या रंगांच्या काचेचे दोन, तीन किंवा चार थर चढविलेले असत. मग कुरुंदाची पूड लावलेल्या फिरत्या चाकांवर भांडे धरून कारागीर वरचा थर घासू लागे. जेथे थोडे घासले तेथे गडद रंग राही, जेथे अधिक घासले तेथे खालचा रंग उजळून वर येई. अशा रीतीने सांजवेळचे जांभळे आकाश, त्यापुढे काळसर झाडांची रांग आणि अगदी पुढे एखादी पानांची डहाळी, असा संपूर्ण देखावा कुंचल्याशिवाय उमटत असे. चाकावरील एका भांड्याला आठवडे लागत. म्हणून साध्या मालासाठी तो हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा उपयोग करी. काच गंजत नाही, सडत नाही, पण हे आम्ल तिला खाऊन टाकते. ते काचेच्या बाटलीत ठेवताही येत नाही. ज्या भागावर नक्षी राखावयाची त्यावर डांबरासारखा लेप द्यावयाचा आणि भांडे आम्लात बुडवावयाचे. उघडा भाग झिजतो, झाकलेला तसाच राहतो. या आम्लाच्या वाफा अत्यंत घातक असतात. तेव्हा या स्वस्त भांड्यांच्या मागेही कारागिरांचे मोठे साहस होते, हे विसरता कामा नये.

स्वस्त माल काढल्याबद्दल काही रसिक गालेला आजही बोल लावतात. त्याच्या नावाच्या हजारो फुलदाण्या बाजारात आल्या आणि त्या सर्व सारख्या सरस नाहीत, हे खरे आहे. परंतु सुंदर वस्तू केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहू नये, मध्यम स्थितीतील कुटुंबालाही ती घेता यावी, अशी त्याची मनापासून इच्छा होती. शिवाय या विक्रीवरच त्याचे खर्चिक प्रयोग चालत. प्रस्तुत लेखकाला तरी यात काही वावगे दिसत नाही.

गालेच्या कारखान्यात पुस्तकातील नक्षी उतरून काढण्याची पद्धत नव्हती. कारखान्याजवळ आणि घराभोवती त्याने मोठी बाग राखली होती. नमुन्यासाठी जिवंत झाडे व ताजी फुले चित्रकारांसमोर ठेवली जात. चतुर, पतंग, टोळ यांसारख्या कीटकांनाही त्याच्या काचेत मानाचे स्थान मिळाले. हे पाहणे अधिक सूक्ष्म होण्यास एका जपानी गृहस्थाचे साहाय्य झाले. ताकाशिमा होक्काई हा वनाधिकारी १८८५ पासून १८८८ पर्यंत नान्सी येथील वनविद्यालयात शिकत होता. तो उत्तम चित्रकारही होता. एखाद्या रानटी गवताची वाकलेली काडीही चित्राचा विषय होऊ शकते, ही जपानी कलेची दृष्टी गालेला आधीपासून ओळखीची होती. या स्नेहाने ती दृढ झाली. गाले स्वतः प्रत्येक भांडे फुंकीत किंवा कोरीत नसे. कल्पना त्याची, आराखडा त्याचा, रंगांची निवड त्याची, आणि हात अनेक निष्णात कारागिरांचे, असे ते काम होते. इ. स. १९०० च्या सुमारास त्याच्याकडे सुमारे ३०० माणसे काम करीत.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात गालेला काचकामाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याने तेथे गडद काळ्या काचेची पात्रे मांडली होती. दुःख, वियोग, मृत्यू हे विषय काचेतून सांगता येतात, हे लोकांनी प्रथमच पाहिले. भांड्यांवर कवींच्या ओळी कोरण्याचीही त्याची पद्धत होती, म्हणून लोक त्या भांड्यांना बोलकी काच म्हणत. एव्हाना तो लाकडी सामानही घडवू लागला होता. त्याच प्रदर्शनात त्याने चित्रकार व्हिक्टर प्रुव्हे याच्या साहाय्याने केलेले एक भव्य मेज ठेवले. त्यावर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जडवून ऱ्हाईन नदीचे चित्र काढले होते. ऱ्हाईन ही दोन देशांमधील प्राचीन सीमा, असा त्याचा आशय होता. हिरावलेल्या प्रांतांची आठवण त्या मेजाने करून दिली.

एक गोष्ट मात्र गालेला खुपत होती. त्याची काच अजूनही बव्हंशी मायझेन्थालच्या, म्हणजे आता परराज्यातील, भट्टीत तयार होत असे. अखेर १८९४ साली त्याने नान्सीमध्ये स्वतःचा काचकारखाना उभारला. भट्टी हाताशी आल्याबरोबर त्याच्या प्रयोगांना बहर आला. लाकडात जडावकाम करता करता त्याच्या मनात आले की, हेच काचेत का साधू नये? तप्त व मऊ भांड्याच्या अंगात दुसऱ्या रंगाच्या तापलेल्या काचेचे तुकडे दाबून बसवावयाचे, सपाट पाटावर ते लोळवून एकजीव करावयाचे, आणि निवल्यावर ते कोरून पाकळ्या व पाने काढावयाची, अशी ही पद्धत होती. सांगावयास ती सोपी वाटते. परंतु प्रत्येक रंगाच्या काचेत धातूचे भस्म निराळे, म्हणून तिचे प्रसरण व आकुंचन निराळे. तुकडा बसविण्यासाठी भांडे वारंवार भट्टीत जाई आणि दर वेळी ते तडकण्याची धास्ती असे. अनेक भांडी तडकलीही. १८९८ साली गालेने या पद्धतीची अधिकृत नोंदणी करून घेतली.

त्याच वर्षी त्याच्यावर निराळ्याच प्रकारच्या कसोटीचा प्रसंग आला. फ्रेंच सैन्यातील आल्फ्रेड द्रेफ्युस या ज्यू अधिकाऱ्यावर जर्मनीला लष्करी गुपिते पुरविल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. १८९४ साली त्याला दोषी ठरवून दूरच्या एका निर्जन बेटावर कैदेत पाठविले होते. पुढे खरा अपराधी दुसराच असल्याचा पुरावा मिळू लागला, तरी लष्करी अधिकारी चूक मान्य करीनात. १८९८ साली कादंबरीकार एमिल झोला याने या अन्यायाविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला आणि सारा फ्रान्स दुभंगला. नान्सी हे तर सीमेवरील नगर, पावलोपावली सैनिक आणि सैन्याविषयी नितांत आदर. तेथे द्रेफ्युसची बाजू घेणे म्हणजे देशद्रोह मानला जाई. गालेच्या देशभक्तीविषयी कोणाला शंका घेता आली नसती. परंतु आपला देश एका निरपराध माणसाला बळी देत आहे, हे त्याला सहन होईना. त्याने द्रेफ्युसच्या फेरचौकशीच्या मागणीपत्रावर सही केली आणि मानवी हक्कांच्या रक्षणासाठी निघालेल्या संघाच्या कार्यातही तो सामील झाला.

याचे परिणाम लगेच दिसू लागले. जुन्या स्नेह्यांनी येणे सोडले, प्रतिष्ठित गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. व्यापाऱ्याने अशा वेळी मौन पाळणे हाच शहाणपणा, असे त्याला सांगणारे थोडे नसतील. पण गालेने आपले मत मागे घेतले नाही.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने हे मत काचेतूनच मांडले. त्याच्या दालनाच्या मध्यभागी विटांची काचभट्टी उभी केली होती आणि तिच्याभोवती फुटलेल्या काचेचे ढीग पसरले होते. इतर कारखानदारांनी आपली निर्दोष भांडी मांडली. गालेने त्यांच्याबरोबर आपली मोडतोडही जगासमोर ठेवली. भट्टीवर प्राचीन ग्रीक कवी हेसिओड याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ओळी होत्या. माणसे कपटी व खोटी निघाली तर भट्टी कोसळो, भांडी फुटोत, अशा अर्थाचा तो शाप होता. तो कोणाला उद्देशून आहे, हे पाहणाऱ्यांना कळले. दालनात आणखी एक पात्र होते. त्याच्या अंगावर काळोखातून वर सरकणाऱ्या विद्रूप, काळ्या मनुष्याकृती होत्या. ते प्रुव्हेच्या सहकार्याने केलेले होते आणि असत्य व द्वेष पसरविणाऱ्यांचे ते चित्र होते. काही प्रेक्षक संतापले. परंतु परीक्षकांनी गालेला पुन्हा सर्वोच्च पारितोषिक दिले आणि सरकारनेही मोठा बहुमान केला.

१९०१ साली नान्सीतील काचकार, सुतार, चित्रकार व लोहार यांनी एकत्र येऊन एक कलासंघ स्थापन केला आणि गालेला त्याचा अध्यक्ष निवडले. लुई माजोरेल, दोम बंधू आणि प्रुव्हे असे नामांकित कलावंत त्यात होते. व्यापारात दोम बंधू हे गालेचे प्रतिस्पर्धी. तरीही सर्वांच्या कलेचा उत्कर्ष व्हावा म्हणून ते एका मंडळात आले. दुर्दैवाने गालेची प्रकृती आता ढासळू लागली होती. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि त्या काळी त्यावर उपाय नव्हता.

आपले दिवस थोडे राहिले आहेत हे त्याला उमगले असावे; कारण शेवटच्या वर्षातील त्याचे काम विलक्षण उत्कट आहे. एका पलंगाच्या उशाशी त्याने संध्याकाळ आणि पायथ्याशी पहाट काढली. दोन्ही ठिकाणी पंख पसरलेले प्रचंड पतंग असून, त्यांच्या अंगात शिंपल्याचे व काचेचे जडावकाम आहे. एका काचपात्रावर त्याने चतुर काढला. तो चित्रासारखा सपाट नाही; त्याचे अंग आणि पंख काचेतून उठून आले आहेत, आणि तो नुकताच पाण्यावर येऊन पडल्यासारखा दिसतो. २३ सप्टेंबर १९०४ रोजी नान्सी येथे गालेचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय ५८ वर्षांचे होते.

त्याची पत्नी आँरिएत हिने कारखाना पुढे चालविला. गालेच्या मृत्यूनंतर काही वर्षे भांड्यांवरील त्याच्या नावाशेजारी एक लहानशी चांदणी कोरली जाई. द्रेफ्युस पूर्णपणे निर्दोष असल्याचा निकाल १९०६ साली लागला. तो ऐकावयास गाले जिवंत नव्हता. १९३० नंतरच्या दशकात कारखानाही बंद पडला आणि काही काळ लोकांना त्याच्या काचेचा विसरच पडला. पुढे १९६४ साली नान्सीत या कलासंघाच्या कलाकृतींचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. ऱ्हाईन नदीचे मेज आणि पहाट-संध्याकाळचा पलंग तेथे पाहावयास मिळतात.

गालेने अखेरच्या वर्षी काचेचा एक हातही घडविला होता. तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मनुष्याचाच हात, पण त्याच्याभोवती समुद्रातील शेवाळ गुंडाळलेले आणि बोटांना शंखशिंपले चिकटलेले. काचेत निळ्या-हिरव्या पाण्याचे ढग आहेत. तो हात लाटांतून वर येत आहे की खोल पाण्यात बुडत चालला आहे, हे कितीही वेळ पाहिले तरी सांगता येत नाही.